किंमत कोणी मोजली?

भाषा आणि सत्ता यांच्या नात्याविषयी वर्गात बोलायचे असले की गेली अनेक वर्षे मी विद्यार्थ्यांपुढे एक उतारा ठेवत आले आहे. उतारा म्हणजे एक प्रश्न आणि त्याचे जेमतेम एका वाक्याचे उत्तर. १२ मे १९९६ रोजी अमेरिकेतील 'सिक्स्टी मिनिट्स' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात लेस्ली स्टाल यांनी मॅडलिन ऑल्ब्राइट यांना इराकवरील आर्थिक निर्बंधांविषयी विचारले. ऑल्ब्राइट तेव्हा संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेच्या राजदूत होत्या. निर्बंधांमुळे पाच लाख मुले दगावल्याचे आम्ही ऐकतो, ही किंमत योग्य आहे का, असा प्रश्नाचा आशय होता. निवड फार कठीण आहे, पण ही किंमत मोजण्याजोगी आहे असे आम्हाला वाटते, असे उत्तर आले.

मग मी विद्यार्थ्यांना विचारायचे की या वाक्यातला 'आम्ही' कोण? 'किंमत' हा शब्द व्यवहारातला आहे. व्यवहारात किंमत मोजणारा आणि वस्तू घेणारा एकच असतो. इथे वस्तू कोण घेतो आहे आणि किंमत कोण मोजतो आहे? विद्यार्थी अस्वस्थ होत. शिकवण्याचे काम झाले असे मला वाटे.

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली. तिच्या हातात एका शोधनिबंधाची छापील प्रत होती. ती म्हणाली, "मॅडम, तो पाच लाखांचा आकडा खरा नाही, असं दिसतं." निबंध २०१७ सालचा, 'बीएमजे ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकातला होता. मी तो त्याच रात्री वाचला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात काय सांगावे, हे मला सुचेना. कारण प्रश्न एका आकड्याचा नव्हता. आर्थिक निर्बंध सामान्य माणसाला चिरडतात, हे माझे मत त्या आकड्याच्या खांद्यावर उभे होते. खांदा काढून घेतल्यावर मत उभे राहते का, हे तपासणे भाग होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या तपासणीचा वृत्तान्त आहे.

आधी घटनाक्रम थोडक्यात. २ ऑगस्ट १९९० रोजी सद्दाम हुसेन यांच्या फौजा कुवेतमध्ये शिरल्या. चारच दिवसांनी, ६ ऑगस्टला, सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ६६१ संमत केला आणि इराकशी होणारा जवळजवळ सर्व व्यापार थांबला. वैद्यकीय वस्तू आणि 'मानवतावादी परिस्थितीत' अन्न, एवढाच अपवाद होता. इराकची निर्यात म्हणजे तेल. आणि त्या तेलाच्या पैशातून हा देश आपल्या गरजेचे सुमारे दोन-तृतीयांश अन्न बाहेरून आणत असे. तेव्हा अन्नाला सूट असली तरी ते घ्यायला पैसा नाही, अशी अवस्था झाली. जानेवारी-फेब्रुवारी १९९१ च्या युद्धात बॉम्बहल्ल्यांनी वीजकेंद्रे निकामी झाली. विजेवाचून पाणी शुद्ध होईना आणि मैलापाणी उपसले जाईना. मार्चमध्ये मार्टी आहतिसारी यांच्या नेतृत्वाखालील संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने पाहणी करून लिहिले की हा देश उद्योगपूर्व युगात ढकलला गेला आहे. कुवेत तोवर मुक्त झाला होता. म्हणजे निर्बंधांचे मूळ कारण संपले होते. पण ३ एप्रिल १९९१ च्या ठराव ६८७ ने निःशस्त्रीकरणाच्या नव्या अटी घातल्या आणि निर्बंध पुढे चालू राहिले. ते उठले २२ मे २००३ रोजी, म्हणजे सद्दाम यांची राजवट अमेरिकी फौजांनी उलथून टाकल्यानंतर. एका मुलाने पहिलीत पाय ठेवावा आणि शालान्त परीक्षा देऊन बाहेर पडावे, इतका हा काळ आहे.

आता आकड्याची गोष्ट. १९९५ मध्ये बगदादमध्ये केलेल्या एका पाहणीच्या आधारे 'लान्सेट'मध्ये एक पत्र छापून आले आणि त्यातून पाच लाख ६७ हजार बालमृत्यूंचा अंदाज जगभर पसरला. ऑल्ब्राइट यांना विचारलेल्या प्रश्नामागे तोच होता. पाहणीतील एका संशोधिकेने पुढे फेरतपासणी केली आणि आधीचे आकडे टिकत नाहीत, असे १९९७ मध्ये त्याच नियतकालिकाला कळवले. पण ते कोणाच्या फारसे लक्षात राहिले नाही. पुढे १९९९ मध्ये युनिसेफने इराक सरकारच्या सहकार्याने मोठी पाहणी केली. तिच्यानुसार मध्य आणि दक्षिण इराकमध्ये पाच वर्षांखालील बालमृत्यूंचे प्रमाण हजारी ५६ वरून १३१ वर गेले होते. जुना घसरता कल कायम राहता तर पाच लाख मुले वाचली असती, असे गणित त्यावरून मांडले गेले.

सद्दाम गेल्यानंतर, सरकारी माणसांचा धाक नसताना, पुन्हा पाहण्या झाल्या. २००४ मध्ये, २००६ मध्ये आणि २०११ मध्ये. त्यांपैकी एकीतही नव्वदच्या दशकातील ती भयंकर उसळी दिसली नाही. प्रमाण सगळा काळ हजारी ४० च्या आसपास राहिल्याचे दिसले. माझ्या विद्यार्थिनीने आणलेल्या निबंधात टिम डायसन आणि व्हॅलेरिया चेतोरेली यांनी या सगळ्याचा ताळा घालून निष्कर्ष काढला की १९९९ ची आकडेवारी इराकच्या राजवटीने हेतुपुरस्सर फिरवलेली होती. बगदादच्या रस्त्यांवरून टॅक्सींच्या टपांवर लहान शवपेट्या बांधून निघालेल्या मिरवणुका त्या काळी जगाने पाहिल्या होत्या. त्या सरकारनेच काढलेल्या होत्या. मुलांचे मरण हे त्या राजवटीचे प्रचारसाहित्य होते. ते पुरेसे नव्हते म्हणून तिने ते वाढवून सांगितले.

इथपर्यंत ही माझ्यासारख्यांच्या फजितीची गोष्ट आहे. हुकूमशहाचा कागद आपण करुणेचा पुरावा म्हणून वाचला. साहित्याच्या अध्यापकांनी तरी निवेदक विश्वासार्ह आहे काय, हा पहिला प्रश्न विसरायला नको होता.

पण गोष्ट इथे संपत नाही. हा खोटा आकडा एकट्या निर्बंधविरोधकांनी वापरला नाही. १९९९ च्या त्याच पाहणीत कुर्दबहुल उत्तर इराकमध्ये बालमृत्यू कमी झाल्याचे दिसत होते. निर्बंधांचे समर्थक म्हणू लागले की निर्बंध सगळीकडे सारखेच आहेत. जिथे मदतीचे वाटप संयुक्त राष्ट्रे करतात तिथे मुले जगतात आणि जिथे सद्दाम करतात तिथे मरतात. म्हणजे दोष निर्बंधांचा नाही. हा युक्तिवादही त्याच बनावट तक्त्यावर उभा होता. पुढे टोनी ब्लेअर यांनी तोच बालमृत्यूदर युद्धाच्या समर्थनासाठी वापरला; २०१० मध्ये इराक चौकशी समितीपुढे साक्ष देतानाही हजारी १३० हा आकडा सांगून त्यांनी युद्धानंतर किती मुले वाचली, ते ऐकवले. निर्बंध उठवा म्हणणारे, निर्बंध ठेवा म्हणणारे आणि युद्ध करा म्हणणारे, असे तिघेही एकाच खोट्या कागदाच्या आधाराने बोलत होते. प्रत्येकाला मेलेली मुले हवी होती. फक्त त्यांचा कर्ता वेगळा हवा होता.

हे कळल्यावर मी ऑल्ब्राइट यांचे वाक्य पुन्हा वाचले आणि लक्षात आले की त्याचा दोष तिळभरही कमी झालेला नाही. त्यांनी आकडा नाकारला नव्हता. त्यांनी तो खरा धरला आणि खरा असला तरी चालेल, असे सांगितले. आकडा खोटा होता, हे आपल्याला नंतर कळले. उत्तर देणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. एखाद्याने बंदूक भरलेली आहे असे समजून चाप ओढला आणि ती रिकामी निघाली, तर मेलेले कोणी नसते. पण चाप ओढणाऱ्याविषयी आपल्याला जे कळायचे ते कळलेले असते. ऑल्ब्राइट यांनी २००३ मधील आत्मचरित्रात त्या उत्तराबद्दल स्वतःला दोष दिला, हे नमूद केलेच पाहिजे. पण ते उत्तर व्यक्तीचे नव्हते, धोरणाचे होते, आणि धोरणाने आत्मचरित्र लिहिलेले नाही.

अर्थात एवढ्याने माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. निर्बंध लावणारे निष्ठुर होते, हे सिद्ध झाले तरी त्यांनी सामान्य माणसाचे नुकसान केले, हे सिद्ध होत नाही. ते पाहायचे तर मृत्यूंच्या तक्त्यापासून दूर होऊन जगणाऱ्यांकडे जावे लागेल.

निर्बंधांपूर्वी अधिकृत दराने एका दिनारला तीन डॉलरहून अधिक मिळत. १९९५ च्या अखेरीस बाजारात एका डॉलरला सुमारे तीन हजार दिनार मोजावे लागत होते. पगार मात्र दिनारमध्येच राहिले. सरकारी शाळेतील शिक्षकाच्या महिन्याच्या पगाराचे मोल दोन-चार डॉलरवर आले. १९७८ मध्ये निरक्षरता हटवण्यासाठी सक्तीची देशव्यापी मोहीम उघडणारा हा देश. त्यातले शिक्षक आता शाळा सुटल्यावर टॅक्सी चालवू लागले, फुटपाथवर सिगारेटी विकू लागले किंवा शाळेत येईनासे झाले. बगदादमध्ये मुतनब्बी रस्ता आहे. दहाव्या शतकातील कवीच्या नावाच्या या रस्त्यावर शुक्रवारी पुस्तकांचा बाजार भरतो. कैरो लिहिते, बैरूत छापते आणि बगदाद वाचते, अशी अरबी जगातली म्हण आहे. नव्वदच्या दशकात या रस्त्यावर प्राध्यापक, लेखक, डॉक्टर आपापले ग्रंथसंग्रह घेऊन आले आणि जमिनीवर मांडून विकू लागले. आयुष्यभर जमवलेल्या पुस्तकांच्या मोबदल्यात पीठ आणि तेल, असा तो सौदा होता. त्याच रस्त्यावर छायाप्रतींचा धंदा उभा राहिला. बाहेरून पुस्तके येत नव्हती आणि आली तर परवडत नव्हती. मग एखादी प्रत कशीबशी हाती लागली की तिच्या छायाप्रती निघत आणि हातोहात फिरत. सरकारने बंदी घातलेली पुस्तकेही अशीच फिरत. वाचकाने वाचणे सोडले नाही, हा यातला दिलासा. पण घरातली कपाटे रिकामी झाली, हे खरेच आहे आणि त्यासाठी कोणत्याही सरकारी पाहणीची साक्ष लागत नाही.

'अन्नासाठी तेल' योजनेने हे बदलले नाही का, असे विचारले जाईल. ठराव ९८६ एप्रिल १९९५ मध्ये संमत झाला, तेल प्रत्यक्षात डिसेंबर १९९६ मध्ये निघाले आणि पहिले धान्य मार्च १९९७ मध्ये पोहोचले. सुरुवातीला सहा महिन्यांना दोन अब्ज डॉलरचे तेल विकण्याची मुभा होती. त्यातील ३० टक्के कुवेत युद्धाच्या नुकसानभरपाईसाठी आणि काही भाग संयुक्त राष्ट्रांच्या खर्चासाठी वळता होई. उरलेले ६६ टक्के सुमारे सव्वादोन कोटी लोकांत वाटले तर माणशी दिवसाला एक-तृतीयांश डॉलर पडतो. अन्न, औषधे, पाण्याचे नळ, विजेची यंत्रे, शाळेची बाके हे सगळे त्यातच. पुढे मर्यादा वाढली आणि १९९९ च्या अखेरीस उठलीही. परंतु प्रत्येक मोठी खरेदी सुरक्षा परिषदेच्या समितीपुढे जाई. समितीच्या बैठका बंद दाराआड होत आणि एका सदस्यानेही हरकत घेतली की माल अडकून पडे. २००२ च्या सुमारास पाच अब्ज डॉलरहून अधिक किमतीचा माल असा अडकलेला होता. बहुतेक हरकती अमेरिकेच्या होत्या. जॉय गॉर्डन यांनी २०१० च्या 'इनव्हिजिबल वॉर' या ग्रंथात या समितीच्या कामाची तपशीलवार छाननी केली आहे.

यातली एक गोष्ट अध्यापकांनी विशेष ध्यानात घ्यावी. मध्य आणि दक्षिण इराकमध्ये या योजनेचा पैसा वस्तूंसाठीच वापरता येत होता. देशात रोख खर्च करण्याची सोय तीत नव्हती. म्हणजे शाळेला बाके मिळू शकत, पण शिक्षकाचा पगार त्यातून देता येत नसे. या योजनेचे बगदादमधील समन्वयक, आयर्लंडचे डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले जर्मनीचे हान्स फॉन श्पोनेक हेही २००० मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. दोघेही संयुक्त राष्ट्रांत तीसहून अधिक वर्षे काम केलेले अधिकारी होते. ज्यांच्या हातून वाटप व्हायचे त्यांनाच ते चालवणे अशक्य झाले.

आणि हुकूमशहाचे काय झाले? निर्बंध सुरू होताच, सप्टेंबर १९९० मध्ये, त्याच्या सरकारने शिधावाटप सुरू केले. आपल्याकडच्या रेशन दुकानांसारख्या दुकानांमधून पीठ, तांदूळ, साखर, चहा, तेल, डाळी घरोघर पोहोचू लागल्या. व्यवस्था कार्यक्षम होती, याविषयी तिच्या टीकाकारांचेही दुमत नाही. पण तिचा दुसरा अर्थ असा की प्रत्येक कुटुंबाचे नाव, पत्ता आणि माणसांची संख्या सरकारच्या वहीत नोंदली गेली आणि चूल पेटण्यासाठी त्या वहीत नाव असणे आवश्यक झाले. २००३ पर्यंत सुमारे ६० टक्के लोक पूर्णपणे या शिध्यावर अवलंबून होते. व्यापारी, उद्योजक, पगारदार मध्यमवर्ग, विद्यापीठे हे सरकारच्या बाहेर थोडेफार उभे राहू शकणारे घटक. निर्बंधांनी नेमके तेच मोडले. दरम्यान सद्दाम यांचे राजवाडे बांधून होत होते. बगदादमध्ये 'सर्व लढायांची जननी' या नावाची भव्य मशीद उभी राहिली. २००० मध्ये त्यांची पहिली कादंबरीही 'लेखक' एवढ्याच नावाने निघाली. देशातील प्राध्यापक पुस्तके विकत होते आणि राष्ट्राध्यक्ष पुस्तके लिहीत होते.

पैसा त्यांच्यापर्यंत कसा पोहोचत होता, ते २००५ च्या व्होल्कर अहवालातून कळते. योजनेतील करारांवर गुप्त अधिभार आणि दलाली घेऊन राजवटीने सुमारे १.८ अब्ज डॉलर मिळवले आणि दोन हजारांहून अधिक कंपन्या त्यात गुंतल्या होत्या. योजनेबाहेरच्या तेल-तस्करीतून मिळालेला पैसा याच्या कितीतरी पट होता. भारतीय वाचकांना हा अहवाल आठवत असेल तो वेगळ्या कारणाने. त्यात नाव आल्यामुळे तत्कालीन परराष्ट्रमंत्री नटवरसिंग यांचे खाते गेले आणि पुढे मंत्रिपदही गेले; त्यांनी आरोप अखेरपर्यंत नाकारला. आपल्याकडे त्या प्रकरणाची चर्चा महिनोन्‌महिने झाली, पण ज्यांच्या तोंडचे अन्न त्या दलालीत गेले ते लोक त्या चर्चेत क्वचितच आले.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. पहिला आक्षेप असा की हे सगळे सद्दाम यांचे पाप आहे. निर्बंधांच्या माथी का मारता? १९९१ मध्येच सुरक्षा परिषदेने मर्यादित तेलविक्रीचा प्रस्ताव दिला होता आणि बगदादने तो सार्वभौमत्वाचे कारण सांगून नाकारला. पाच वर्षे अशी वाया गेली. लोक उपाशी असताना ज्याने हे केले त्याला कोणतीही सबब देता येणार नाही. थोर कवी मुहम्मद महदी अल-जवाहिरी १९९७ मध्ये आणि अब्दुल वहाब अल-बयाती १९९९ मध्ये वारले, दोघेही मायदेशाबाहेर, दमास्कसमध्ये. इराकी लेखकांना परागंदा करणारे काम निर्बंधांच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. आक्षेप खराच आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. जो माणूस आपल्या लोकांच्या हालांनी विचलित होत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, त्याला वाकवण्यासाठी त्याच लोकांचे हाल करण्यात अर्थ कोणता? ओलिसांवर गोळी झाडून अपहरणकर्त्याला धडा शिकवण्याचा हा प्रकार झाला. दोन गुन्हेगार असल्याने एकाचा गुन्हा पुसला जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक भक्कम आहे. निर्बंध निष्फळ ठरले, हे खरे नाही. २००४ च्या डेल्फर अहवालाने दाखवले की २००३ मध्ये इराककडे महासंहारक अस्त्रांचे साठे नव्हते आणि ती पुन्हा तयार करण्याची राजवटीची क्षमता खचलेली होती. युद्धाचे समर्थन ज्या भीतीवर उभे केले गेले ती भीती निर्बंधांनी आणि शस्त्रनिरीक्षकांनी आधीच बरीचशी दूर केली होती. हे मान्य करायला हवे, आणि मी ते पूर्वी मान्य करत नव्हते. पण यश कोणत्या भागाला मिळाले? शस्त्रबंदीला, निरीक्षणाला आणि तेलाच्या पैशावरील देखरेखीला. शिक्षकाचा पगार मातीमोल झाल्याने एकही क्षेपणास्त्र कमी झाल्याचे कोणी दाखवून दिलेले नाही.

तिसरा आक्षेप दक्षिण आफ्रिकेचा. तिथेही बहिष्काराची झळ काळ्या कामगारांनाच अधिक बसणार होती. मग तो बहिष्कार योग्य आणि हा अयोग्य, असे कसे? या प्रश्नाने मला सर्वांत जास्त शिकवले. दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत. साल १९४६, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी. आपल्याला त्याचा सार्थ अभिमान आहे. पण तो बहिष्कार मागणारे कोण होते? १९५९ मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष अल्बर्ट लुथुली यांनी जगाला बहिष्काराचे आवाहन केले, आपल्या लोकांना त्याची झळ बसेल हे जाणून आणि बोलून दाखवून. सप्टेंबर १९९३ मध्ये नेल्सन मंडेला यांनी संयुक्त राष्ट्रांत उभे राहून आता निर्बंध उठवा, असे सांगितले. सोसणाऱ्यांनीच तो मागितला आणि सोसणाऱ्यांनीच तो थांबवायला सांगितले. तिथे किंमत मोजणारा आणि ती मोजायची की नाही हे ठरवणारा एकच होता.

इराकी माणसाला यातले काहीच करता आले नाही. परदेशांत राहणाऱ्या विरोधकांपैकी काहींचा निर्बंधांना पाठिंबा होता, पण देशातल्या माणसाच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांना कोणी दिलेला नव्हता. आतला माणूस निर्बंध हवेत म्हणाला तर तुरुंगात गेला असता. नकोत म्हणाला तर ते सद्दाम यांचे बोलणे ठरले असते. शिवाय शेवट कशाने होणार, हेही त्याला सांगितलेले नव्हते. आधी कुवेत सोडा, मग शस्त्रे सोडा. आणि मग सद्दाम सत्तेवर आहेत तोवर निर्बंध उठणार नाहीत, असे जॉर्ज बुश यांनी १९९१ मध्ये आणि बिल क्लिंटन यांनी १९९७ मध्ये सूचित केले. ठरावाला मुदत नव्हती. त्यामुळे तो संपवायचा तर नवा ठराव हवा आणि त्यावर एका देशाचा नकाराधिकार पुरेसा. अट पाळूनही सुटका नसेल तर ती अट राहत नाही. ती शिक्षा होते, आणि तीही दुसऱ्याच्या अपराधाची.

शब्दांकडे पाहणे हा आपला धर्म, म्हणून एक निरीक्षण नोंदवते. इंग्रजीतील 'सँक्शन' या शब्दाला मंजुरी आणि दंड असे दोन्ही अर्थ आहेत. तो कायद्याच्या दालनातला शब्द आहे. मराठीत आपण 'निर्बंध' म्हणतो, त्यातही नियमाचा, शिस्तीचा भास आहे. इराकी माणूस त्या तेरा वर्षांना 'अल-हिसार' म्हणतो, म्हणजे वेढा. हरियाणातील हिस्सार शहराच्या नावात हाच शब्द किल्ला या अर्थाने आहे. वेढा पडला की आतील प्रत्येक जण वेढ्यात सापडतो, आणि किल्लेदाराचे कोठार सर्वांत शेवटी रिकामे होते, हे बखरी वाचणाऱ्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. 'निर्बंध' हा बाहेरून दिसणारा शब्द आहे, 'वेढा' हा आतून दिसणारा. कोणता शब्द वापरायचा, हे ठरले की अर्धे मत ठरलेले असते.

मग कोणतेच निर्बंध नकोत काय? तसे माझे म्हणणे नाही. शस्त्रे विकू नयेत, सत्ताधाऱ्यांची परदेशातील खाती गोठवावीत, त्यांच्या कुटुंबीयांच्या खरेदीवाऱ्या थांबवाव्यात. यात कोणा शिक्षकाचे ग्रंथसंग्रह विकले जात नाहीत. इराकच्या अनुभवानंतर 'लक्ष्यित' निर्बंधांची भाषा रूढ झाली, ती यामुळेच. पण भाषा बदलली म्हणून व्यवहार बदलतोच असे नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतल्यावर अफगाणिस्तानच्या मध्यवर्ती बँकेचे अमेरिकेतील सुमारे सात अब्ज डॉलर गोठवले गेले. राजवट तालिबानची, पण ती गंगाजळी देशाची होती. तिथेही बँकांपुढे रांगा लावून स्वतःचेच पैसे मिळत नाहीत म्हणून परतणारे लोक तालिबानी नव्हते. तेव्हा यापुढे कोणी कोणत्याही देशावर निर्बंध लावा म्हणाले की मी तीन प्रश्न विचारणार आहे. ते सोसणाऱ्यांपैकी कोणी मागितले आहेत? त्यांचा परिणाम कोण मोजणार, आणि तो उघडपणे मोजला जाणार की बंद दाराआड? आणि ते नेमके कधी संपणार?

दुसऱ्या प्रश्नाचा संबंध माझ्या फजितीशीही आहे. ज्या देशात प्रामाणिक मोजणी करू दिली जात नाही त्या देशाची कोंडी केली की, नुकसान किती झाले हे कळण्याची वाटच बंद होते. मग एक बाजू फुगवून सांगते आणि दुसरी झटकून टाकते. मेलेली मुले पाच लाख नव्हती, हे कळल्यावर मला दिलासा वाटायला हवा होता. तो वाटलाच; त्या न मेलेल्या मुलांसाठी वाटला. पण ज्यांचे आयुष्य त्या तेरा वर्षांत आटले त्यांची गणती कोणत्याच तक्त्यात नाही, कारण ते जिवंत होते. ५ मार्च २००७ रोजी मुतनब्बी रस्त्यावर मोटारीत पेरलेला बॉम्ब फुटला. पुस्तकांसकट माणसे जळाली. त्याची बातमी जगभर झाली. त्याआधी त्याच रस्त्यावर वर्षानुवर्षे कपाटे रिकामी होत होती, ती बातमी नव्हती.

त्या विद्यार्थिनीचे मी वर्गात नाव घेऊन आभार मानले आणि माझी चूक फळ्यावर लिहिली. ऑल्ब्राइट यांचा उतारा मी अजूनही शिकवते. आता त्यासोबत तो निबंधही देते आणि विद्यार्थ्यांना सांगते की दोन्ही वाचा. मग आकडा बाजूला ठेवून ठरवा, हे वाक्य अजून टोचते का. बहुतेकांना टोचते. ज्यांना टोचत नाही त्यांच्याशी वाद घालण्यात तास संपतो, आणि तो तास वाया गेला असे मला कधी वाटलेले नाही.